'नाही'ची शिकवणी

आमच्या दादाला अर्धांगाचा झटका आला, आणि काही दिवसांनी दवाखान्यात त्याने तोंड उघडून पहिला शब्द उच्चारला, तेव्हा त्या खोलीत सर्वांत मोठा धक्का मला बसला. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून विचारलं होतं, "आजोबा, मी डॉक्टर आहे ना?"

दादा म्हणाला, "बरोबर."

डॉक्टर खूश झाले. नर्स खूश झाली. आमच्या हिच्या डोळ्यांना पाणी आलं. मी मात्र पलंगाची कड घट्ट धरून उभा राहिलो, कारण दादाच्या तोंडून हा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

दादा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. प्रमाणित वजनांची लाकडी पेटी घेऊन तो बाजारात उतरायचा आणि दुकानदारांचे काटे तपासायचा. लोकांच्या चुका काढणं हे त्याचं पोट भरण्याचं साधन होतं, आणि निवृत्त झाल्यावर ही सेवा त्याने घरच्यांसाठी मोफत चालू ठेवली. मी एखादी बातमी सांगितली की तिच्यातला आकडा चूक. हिने साखर आणली की पुडा तळहातावर तोलून, "चाळीस ग्रॅम कमी आहे." आणि चीड येण्यासारखी गोष्ट म्हणजे ती खरंच चाळीस ग्रॅम कमी असायची. वहिनी गेल्यापासून तो वरच्या मजल्यावर एकटा राहत होता आणि जेवायला आमच्याकडे खाली येत होता. थोडक्यात, माझी दिवसातून दोन वेळा नियमित तपासणी होत होती, आणि त्यातून मी एकदाही पास झालो नव्हतो.

"त्यांच्या डोक्यातलं शब्दांचं कोठार शाबूत आहे," डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावलं. "पण दार अडकलंय. फटीतून एक शब्द बाहेर पडलाय. आता काही काळ तोच येत राहील."

"पण हाच का?"

"ते कुणालाच सांगता येत नाही. कुणाला एखादी शिवी उरते, कुणाला बायकोचं नाव. यांना हा उरला."

"आणि आपण बोललेलं त्याला समजतं का?"

"बरंचसं समजतं. समजणं आणि बोलणं ही डोक्यातली दोन वेगळी खाती आहेत. त्यांतलं एक बंद पडलंय, एवढंच."

मी स्वतः पाणीपुरवठा कार्यालयात जन्म घालवला आहे. एका खात्यात काय चाललंय याचा दुसऱ्या खात्याला पत्ता नसणं यात मला नवीन काही वाटलं नाही. मी मान डोलावली आणि दादाला घरी घेऊन आलो. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालणारा, डोळे पूर्वीसारखेच तीक्ष्ण आणि तोंडात एकच शब्द. वर एकटं राहणं शक्यच नव्हतं, म्हणून आमच्या पुढच्या खोलीत त्याचा पलंग टाकला.

पहिल्या दिवशी मी जे केलं त्याचं समर्थन करणार नाही, पण माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. ही भाजी आणायला गेल्यावर मी खुर्ची ओढून दादाजवळ बसलो आणि म्हणालो, "दादा, पाण्याच्या टाकीला वरून दुसरा पाइप घ्यावा असं मी म्हणत होतो, ते शेवटी योग्यच होतं ना?"

"बरोबर," दादा म्हणाला.

अंगावरून मोरपीस फिरावं तसं झालं. मग मी त्याला आमच्या सोफ्याचा रंग, माझ्या जावयाबद्दलचं माझं मत आणि माझी बुद्धिबळातली एक जुनी चाल, असं सगळं एका बैठकीत मंजूर करून घेतलं. दादा प्रत्येक वेळी माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की दुसऱ्या कुणाला शरम वाटली असती.

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. पहिले आले आमच्या सोसायटीचे चिटणीस. ते तब्येतीची चौकशी करायला आले होते, पण जाता जाता सहज म्हणाले, "गच्चीला कुलूप लावायचा माझा निर्णय तुम्हाला तेव्हा पटला नव्हता. आता काय वाटतं?" दादा म्हणाला, "बरोबर." चिटणीस दोन्ही हात जोडून उठले. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की ज्येष्ठ सभासदांच्या पाठिंब्याने गच्चीला कुलूप लावण्यात येत आहे.

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर एक वकील आणि एक दातांचे डॉक्टर राहतात. दोघांच्या दारांमधल्या बोळात चपलांचं कपाट कुणी ठेवायचं यावरून त्यांचं इतकं बिनसलेलं होतं की दुखऱ्या दाढेसाठी वकील शहराच्या दुसऱ्या टोकाला जात. सकाळी वकील आले, त्यांनी आपली बाजू कलमांसकट मांडली आणि "बरोबर" घेऊन गेले. संध्याकाळी दंतवैद्य आले आणि तेही "बरोबर" घेऊन गेले. रात्रीच्या जेवणाआधी बोळात दोन कपाटं उभी होती आणि आता जिन्यातून आडवं चालावं लागत होतं. तरीही दोघे एकमेकांकडे पाहून हसताना दिसले. जगातली अर्धी भांडणं "तुमचं बरोबर" एवढं न मिळाल्यामुळे लांबतात, असा एक विचार मला सुचला. मी तो दादाला सांगितला, आणि तो काय म्हणाला हे वेगळं सांगायला नको.

पंधरवड्यात आमची पुढची खोली म्हणजे एक प्रकारचं कार्यालय झालं. लोक येत, बसत, आपलं म्हणणं मांडत आणि समाधानाने जात. ही चहा करून करून थकली. "भाऊजींना विचारतंय कोण?" असं ती स्वयंपाकघरातून म्हणायची. माझा समज असा झाला की ती चहाबद्दल बोलते आहे.

आणि मग बबड आली.

बबड म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. लहानपणी पडलेलं हे नाव, ती आता एका कंपनीत शे-दोनशे माणसांना कामाला लावत असली तरी घरात बदललेलं नाही. ती लांबच्या शहरात राहते. दवाखान्यात ती आठ दिवस राहून गेली होती, आणि आता सुट्टी काढून, तयारीनिशी आली होती. तिने दादाचा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही आमच्याकडे राहायला चला. खालच्या मजल्यावर तुमची खोली तयार केलीय. येताय ना?"

"बरोबर," दादा म्हणाला.

बबड त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. नंतर डोळे पुसून तिने टेम्पोवाल्याला फोन लावला.

"थांब, थांब!" मी म्हणालो. "अगं, तो सगळ्यालाच बरोबर म्हणतो. त्याने चिटणिसांनासुद्धा बरोबर म्हटलं. चिटणिसांना!"

"काका, बाबा स्वतःच्या तोंडाने म्हणाले."

"तोंड त्याचं आहे, पण शब्द त्याचा नाही. हे बघ." मी दादाकडे वळलो. "दादा, तू इथेच राहणार ना? माझ्याजवळ?"

"बरोबर," दादा म्हणाला.

बबड माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. टेम्पोवाला फोनवर "हॅलो, हॅलो" करत होता.

हा प्रश्न किरकोळ नव्हता. या इमारतीत दादाने वहिनीबरोबर संसार केला होता. त्याची पेटी, त्याचं कपाट, त्याची खिडकी इथे होती. मुख्य म्हणजे मी इथे होतो. त्याला उचलून परक्या शहरात नेऊन ठेवणार, आणि त्याच्या मनात नसलं तरी बिचाऱ्याला तसं सांगता येणार नाही, या कल्पनेने मला जेवण जाईना. त्याच्या मनात नाही याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. साठ वर्षं ओळखतो मी त्याला.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून काही वेळा येत असत. वाचा-उपचार की असंच काहीतरी त्यांचं शास्त्र होतं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण दादाशी बोलताना त्यांचा स्वर असा असायचा की जणू समोर नेहमीसारखा बोलणारा गृहस्थ बसला आहे. आम्ही दोघांनी आमचा तंटा त्यांच्यापुढे ठेवला.

"होकार-नकाराला बोटांची खूण वापरू या," त्या म्हणाल्या. "हो असेल तर डावा अंगठा वर. नको असेल तर खाली."

दादाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मूठ मिटून हात पांघरुणात घातला. मला कारण ताबडतोब कळलं. आयुष्यभर हजारो पावत्यांवर वळणदार सही केलेला माणूस तो. अंगठा दाखवणं हे त्याच्या मते निरक्षरांचं काम. सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या दुकानदारांना तो हाताला धरून सही शिकवत असे आणि मग दंड करत असे. बाईंनी मान हलवायला सांगितली, तर मान होकारालाही गोल फिरे आणि नकारालाही.

"मग त्याला 'नाही' शिकवा," मी म्हणालो. "एवढा एक शब्द आला की झालं. माणसाला आणखी काय लागतं?"

"शिकवता येईल," बाई म्हणाल्या. "पण घोकून नाही येणार. त्यांना तो शब्द खरोखर लागला पाहिजे, तर येईल."

त्यांचं पहिलं वाक्य मी लक्षात ठेवलं आणि बाकीची सोडून दिली. आमच्या कार्यालयातही परिपत्रकं याच पद्धतीने वाचली जायची.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकवणीला बसलो. "ना," मी म्हणायचो, तोंडाचा आकार दाखवून. "ना... ही. नाही." दादा माझ्या तोंडाकडे लक्षपूर्वक बघायचा, ओठ हलवायचा, कपाळावर आठ्या आणायचा, मानेच्या शिरा फुगवायचा, आणि सगळ्या ताकदीनिशी त्याच्या तोंडून निघायचं, "बरोबर." निघाल्यावर तो स्वतःच दचकायचा. हातात किल्ली घेऊन आपल्याच घराचं कुलूप उघडत नसल्यासारखा चेहरा व्हायचा त्याचा. ते पाहणं सोपं नव्हतं, म्हणून मी पटकन पुढचा पाठ घ्यायचो.

मग मला युक्ती सुचली की त्याला न आवडणाऱ्या गोष्टी पुढे कराव्यात. बिनसाखरेचा चहा दिला. "हवा का, दादा?" "बरोबर," असं म्हणून त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला, आणि तेवढा वेळ माझ्यावरची नजर काढली नाही. जाड भिंगांचा चुकीचा चष्मा दिला, तो घालून तो तासभर भिंतीकडे बघत बसला. शेवटी मी ब्रह्मास्त्र काढलं. "दादा, दोन किलोचे पंधराशे ग्रॅम होतात."

दादा लालबुंद झाला. पलंगात सरळ उठून बसला. डाव्या हाताने त्याने तिपाईवर अशी थाप मारली की पाण्याचा पेला उडून फुटला, आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "बरोबर! बरोबर! बरोबर!"

समजण्याचं खातं चोख चाललं आहे, याबद्दल त्यानंतर कुणाला संशय राहिला नाही. काचा मी गोळा केल्या.

शेजाऱ्यांनी अर्थातच मदतीचा हात पुढे केला. वकिलांचं म्हणणं असं की साक्षीदाराला गोंधळात टाकलं की तो आपोआप खरं बोलतो. दंतवैद्यांनी दादाचं तोंड उघडून पाहिलं आणि जिभेत काही दोष नाही, मात्र मागची एक दाढ काढावी लागेल असं सांगितलं. "काढू ना?" "बरोबर." मी मध्ये पडलो म्हणून ती दाढ आज जागेवर आहे. चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "बोलणं अडकतं, सूर अडकत नाही. मी 'नाही' चालीत बसवून देते." त्यांनी पेटी आणून त्या एका शब्दाला चांगली दोन-अडीच मिनिटं आळवलं. दादाने डोळे मिटून ऐकलं आणि मग त्याच चालीत, अगदी सुरात, "बरोबर" गाऊन दाखवलं. बाईंनी त्याला दाद दिली. माझ्या आवाजाला त्यांनी इतक्या वर्षांत कधी दिली नव्हती.

पण त्यातून एक चमत्कार घडला. ताल धरायला म्हणून मी "बे एके बे" म्हणालो, आणि दादा पुढे निघाला, "बे दुणे चार, बे त्रिक सहा..." स्वच्छ, खणखणीत, न अडखळता थेट वीसपर्यंत! जिना दणाणला. चिटणीस धावत आले, ही पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, बबडने फोन टाकून दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "दादा, आता सांग, तुझं नाव काय?"

"बरोबर," दादा म्हणाला.

वाचा-उपचाराच्या बाईंनी नंतर सांगितलं की पाढे, वारांची नावं, शाळेतली प्रार्थना ही डोक्यात वेगळ्या जागी ठेवलेली असतात. ती आपण बोलत नाही, ती आपोआप चालतात. मला वाटलं, माझं निम्मं बोलणं त्याच जागेतून येत असावं. जिन्यात भेटलेल्या माणसाला "काय, कसं काय" म्हणताना मला कधी शब्द शोधल्याचं आठवत नाही.

दरम्यान माझ्याच भाषेची वाट लागली. दिवसभर "नाही नाही" केल्यामुळे तो शब्द माझ्या कानाला शब्दच वाटेना. पुष्कळ वेळा म्हटला की त्यातला अर्थ गळून पडतो आणि नुसता नाकातला आवाज उरतो. आणि तो नको तिथे बाहेर पडायचा. किराणावाल्याने "नेहमीचाच साबण ना?" म्हटलं, मी "नाही" म्हणालो आणि भलताच साबण घेऊन आलो. हिने "जरा बरं वाटतंय का तुम्हाला?" विचारलं, मी "नाही" म्हणालो आणि काढा प्यावा लागला. आमच्या घरात ज्याला "नाही" म्हणता येत होतं त्याला दुसरं काही म्हणता येत नव्हतं, आणि ज्याला म्हणायला हवं होतं त्याच्यापाशी तो शब्द नव्हता.

आता सरकारी भाग. दादाचं घर, त्याचं निवृत्तिवेतन, दवाखान्याची कागदपत्रं हे सगळं पाहण्यासाठी बबडला त्याचं मुखत्यारपत्र हवं होतं. त्यासाठी त्याला अधिकाऱ्यांपुढे नेलं. लांबलचक खोली, भिंतीला टेकलेली बाकं, खिडकीपाशी मोठं टेबल आणि त्यामागे एक शांत, सभ्य, चष्मा पुसणारे गृहस्थ.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"बरोबर."

"काय बरोबर? नाव सांगा."

मी नाव सांगितलं.

"तुम्ही बोलू नका. मुखत्यारपत्र तुम्ही देताय का?"

"नाही," मी म्हणालो. तेवढ्यापुरतं ते बरोबर जागी बसलं.

बबडने डॉक्टरांचा दाखला पुढे केला. गृहस्थांनी तो दोनदा वाचला. "यांना बोलता येत नाही हे ठीक आहे. मुक्या माणसालाही आम्ही करून देतो. पण समजतं की नाही, हे मला स्वतः पाहावं लागतं. नियमच आहे." त्यांनी चष्मा लावला, दादाकडे झुकले आणि आदराने विचारलं, "आजोबा, आत्ता रात्र आहे का?"

खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट टेबलावर आला होता. दादाने तो पाहिला. मी त्याच्या मानेच्या शिरा फुगताना पाहिल्या.

"बरोबर," तो म्हणाला.

"मी स्त्री आहे का?"

"बरोबर."

गृहस्थांनी हळूच फाइल मिटली. "माफ करा," ते बबडला म्हणाले. "यांना काही समजत नाही असंच मला लिहावं लागेल. आज लिहीत नाही. महिन्याभरात सुधारणा झाली तर घेऊन या. नाहीतर मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागेल. अल्पवयीन मुलांना नेमतात तसा."

दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज न करता, नुसतं पाणी. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या मापात खोट काढली त्याला खुर्चीवर बसवून, त्याच्या तोंडावर, मापात बसत नाही म्हणून सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी त्याचा हात धरायला गेलो, तर त्याने तो काढून घेतला.

त्या दिवसापासून शिकवणीला बबडही बसू लागली. तिला "नाही" हवा होता, कारण त्याशिवाय कागद होणार नव्हता आणि कागदाशिवाय बाबांना नेता येणार नव्हतं. मला "नाही" हवा होता, म्हणजे दादा जाणार नव्हता. एकाच शब्दासाठी आम्ही दोघं दोन बाजूंनी घाम गाळत होतो. सकाळी ती, दुपारी मी. मध्ये गाण्याच्या बाई. शिवाय मनासारखं ऐकायला येणाऱ्या मंडळींची रीघ होतीच. दादा दमून गेला. हल्ली तो "बरोबर"सुद्धा कमी म्हणत असे.

आणि एका दुपारी ते घडलं.

पाऊणएक तास पाठ झाला होता. मीही कंटाळलो होतो. तोंडाचे आकार वगैरे बाजूला ठेवून, दादाच्या पायाला तेल चोळत मी नुसताच बोलत बसलो. "तू काही काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मला माहीत आहे तुझ्या मनात काय आहे. तुला बोलायची गरजच नाही. बबडचं घर मोठं असेल, पण तिथे तुझं काय आहे? इथे चार माणसं येतात-जातात, विचारपूस करतात. मी आहे. तुझ्याकडून मी बोलतो, कुणी काही म्हणत नाही. ते कोर्टबिर्ट मी बघून घेईन. तू इथेच राहणार. आपण दोघं इथेच, असेच."

"नाही," दादा म्हणाला.

तेलाची वाटी माझ्या हातातून पडली.

"काय? काय म्हणालास? पुन्हा म्हण!"

"नाही."

"आला!" मी ओरडलो. "अगं ए! आला! शब्द आला!" मी दादाला मिठी मारली, तेलकट हातांनी त्याचा सदरा खराब केला, दार उघडून जिन्यात गेलो आणि "आला, आला" करत वरपर्यंत चढलो. वकील आले, दंतवैद्य आले, गाण्याच्या बाई "मी म्हटलं नव्हतं?" म्हणत आल्या. चिटणिसांनी माझ्या चिकाटीवर चार शब्द बोलून माझा हात हलवला. बबड नेमकी बाहेर गेली होती, तिला मी फोन करून कळवलं. ती फोनवरच रडायला लागली. मी शिकवणीची पद्धत सगळ्यांना सविस्तर सांगितली, तोंडाचा आकार करून दाखवला. ही सगळ्यांसाठी चहा टाकत होती.

मंडळी गेल्यावर ती कपबशा गोळा करता करता म्हणाली, "पण तुम्ही त्यांना विचारलं काय होतं?"

"कधी?"

"ते नाही म्हणाले तेव्हा. काय बोलत होतात तुम्ही?"

मी आठवू लागलो. तेल, बबडचं घर, कोर्ट... आणि मग मला ते वाक्य आठवलं.

"इथे सोसायटीभरचे लोक येऊन त्यांच्याकडून बरोबर म्हणवून घेतात," ही म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती बशा एकात एक ठेवत होती. "आणि तुम्ही नाही म्हणवून घेता. त्यांना स्वतःला काय म्हणायचंय ते ऐकायला कुणी बसलंय का? मी कधीची सांगतेय."

"मला वाटलं तू चहाबद्दल बोलतेस."

ती कपबशा घेऊन आत गेली.

मी दादाच्या पलंगाशी गेलो. बोलायला शिकवणाऱ्या बाई घेत तशी खुर्ची समोर घेतली. "दादा," मी म्हणालो, "तुला इथे राहायचंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. या वेळी हळू. आणि आपला डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"बबडकडे जायचंय?"

"बरोबर."

साठ वर्षं ओळखत होतो मी त्याला. माझ्या डोक्यातलं बोलण्याचं खातं इतक्या जोरात चालू होतं की समजण्याच्या खात्यात कुणी कामावर येतच नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण मला ते लागलं, आणि अजून लागतं.

पुढचं भराभर झालं. अधिकारी गृहस्थांनी विचारलं, "आजोबा, आत्ता रात्र आहे का?" "नाही," दादा म्हणाला, आणि असा काही म्हणाला की गृहस्थांनी दुसरा प्रश्न स्त्री-पुरुषाचा न विचारता सरळ मुद्द्याचा विचारला. मुलीला अधिकार राजीखुशीने देता का? "बरोबर." सहीच्या जागी शिपायाने शाईची पेटी पुढे केली, ती दादाने बाजूला सारली आणि डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, कितीतरी वेळ घालवून नावाचं पहिलं अक्षर आणि त्यापुढे एक लांब रेघ काढली. खोलीत कुणी घाई केली नाही. मीसुद्धा गप्प होतो, याची नोंद व्हावी.

जाण्याच्या सकाळी जिन्यात गर्दी होती. जो तो शेवटचं एकदा मंजूर करून घ्यायला आला होता. वकिलांनी कपाटाचा विषय काढला. "नाही," दादा म्हणाला. दंतवैद्यांनी काढला. "नाही." चिटणिसांनी तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं. गच्चीचं कुलूप त्याच संध्याकाळी निघालं.

गाडीत बबडने त्याला मागच्या सीटवर बसवलं, पाय नीट ठेवले, पट्टा लावला. मी खिडकीशी गेलो. मी बोलायचं ठरवून आलो होतो. पाठ केलं होतं म्हणा ना. माझं चुकलं, तुझ्याशिवाय मला करमणार नाही, जेवताना समोर कुणी चूक काढणारं नसेल तर घास कसा उतरेल, असं बरंच काही होतं. सगळं डोक्यात जागच्या जागी होतं. मी तोंड उघडलं.

"गोळ्या वेळेवर घे," मी म्हणालो.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. दादाने डावा हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्याला कसली घाई नव्हती. मी पुन्हा श्वास घेतला, ओठ हलवले, मानेच्या शिरा ताणल्या.

"गोळ्या," मी म्हणालो. "वेळेवर."

दादाने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला, आणि मी जे बोलू शकलो नाही ते सगळं ऐकून झाल्यावरच ड्रायव्हरला निघायची खूण केली.